सहाच्या आत

“नेट चालू, पासवर्ड बरोबर, तरी मेल जोडला जात नाही. म्हणजे गोची पत्त्याची आहे,” दुरुस्तीवाली म्हणाली. तिच्या हातून आजवर एकही कॉम्प्युटर बिघडलेला राहिला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

“सहाच्या आत होईल ना गं?” काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं. काका गुडघ्याचं ऑपरेशन करून सहाला घरी येणार होते. “आज रविवार. मुलाचं पत्र रविवारी येतं. बाकी काही बदलू नकोस बाई, होतं तसं करून दे.”

“बिघडलं कधी?”

“इस्त्रीसाठी मी जिन्याखालच्या डब्याचा प्लग काढला. परत लावला, पण छे!”

डबा म्हणजे काकांनी जोडलेला छोटा कॉम्प्युटर. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले; घरातली वायर न् वायर त्यांची.

टेबलावर मुलाची पत्रं छापून ठेवली होती. वरचंच तिनं वाचलं. ‘आई, जिन्याची सहावी पायरी हलते, जपून. बाबा बोलत नाहीत, पण तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही.’

“किती मायेनं लिहितो हो!”

“लिहितो खरा,” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते; नाव, आणि त्यासमोर पत्ता. इथं मेल कंपनीच्या नावासमोर चक्क घरातल्याच डब्याचा पत्ता होता. “हा कुणाचा उपद्व्याप!” म्हणत तिनं ती ओळ खोडली. मेल चुटकीसरशी थेट कंपनीशी जोडला गेला.

नुसत्या जाहिराती. मुलाचं शेवटचं पत्र तीन वर्षांपूर्वीचं, एका ओळीचं. ‘मला पुन्हा लिहू नका.’

तिनं पडद्यावरूनच डब्यात काय साठवलंय ते उघडून पाहिलं. दर रविवारचं पत्र तिथंच लिहिलेलं होतं. आजचंही, दवाखान्यात जाण्याआधी अर्धवट सोडलेलं. ‘आई, बाबांना दवाखान्यात तुझी फार आठवण...’

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. काकूंना हे कळता कामा नये, एवढंच तिला सुचलं.

प्लग काढल्यानं डब्याला नवा पत्ता मिळाला होता. तिनं खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, नव्या पत्त्यासकट. सगळी पत्रं परत दिसू लागली. साडेपाच झाले होते.

“झालं, काकू,” ती पडद्याकडे बघतच म्हणाली. “पत्ता तेवढा बदलला होता. संध्याकाळी येईल बघा मुलाचं पत्र.”

“गुणाची गं माझी!” काकूंनी चहा पुढे केला. “पण तू आली होतीस हे ह्यांना कळू देऊ नकोस हं.”

“का बरं?”

“ह्यांच्या लक्षात येईल, मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. मग लिहायचे थांबतील, आणि तोंडानं तर जन्मात बोलायचे नाहीत.”