रेंगाळणारी अक्षरं

लेक वारली आणि वर्षभरात तिचा जुना संगणकही सुरू होईना, तेव्हा बापाने तो दुरुस्तीवाल्याकडे नेला.

"म्हाताऱ्या बैलाला नवी झूल चढवलीय, काका," संगणक परत देताना दुरुस्तीवाला म्हणाला. "जुन्या मशीनवर नवी सिस्टिम टाकलीय. तुम्ही हो म्हणालात म्हणून आतलं जुनं सगळं पुसलं. आता टाइप केलेलं दमादमानं उमटेल, घाई करू नका."

"मला कसली आलीय घाई?" बाप म्हणाला.

घरी येऊन त्याने एका बोटाने लेकीचं नाव टाइप केलं आणि हात मांडीवर घेतले. अक्षरं रेंगाळत, एकेक करून पडद्यावर आली.

नाव पुरं झालं. त्याचे हात मांडीवरच होते. तरी पुढे अक्षरं येऊ लागली, आणि तीही भराभर, लेक टाइप करायची तशी.

"बाबा, माझं सगळं कुणी पुसलं?"