अकरावा पट्टा

त्राउगोट बीझेल अकराव्या पट्ट्यावर पालथा पडला होता. गाल सिमेंटला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मध्येच उठून वहीत काहीतरी टिपायचा, पुन्हा आडवा व्हायचा. सलग तिसरी सकाळ.

रोस्विटा खिडकीतून पाहत होती. मिनीगोल्फचं हे मैदान, चेंडू टोलवत भोकात घालायचे सिमेंटचे पट्टे, साठ वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांनी बांधलं. नवरा एवाल्ड त्यावर खेळत म्हातारा झाला आणि मागच्या वर्षी गेला. यंदाच्या थंडीनं अकरावा पट्टा मधोमध फोडला. जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, पट्टा होता तसाच्या तसा ओतलात तर मैदान राखू, नाहीतर तिथे गाड्या उभ्या राहतील. पण तसाच्या तसा म्हणजे कसा? सासऱ्यांनी नकाशा काढलाच नव्हता. सगळं नजरेनं.

"अगं, शेजारच्या गावच्या क्लबाचा माणूस तो," कॉफी ओतता ओतता मैत्रीण ओटिली म्हणाली. "आपलं मैदान बुडालं की दर वर्षीची स्पर्धा त्यांच्या दारात. सिमेंटशी काय गुजगोष्टी करतोय होय? वारसा कार्यालयात चुगली करायची तयारी आहे ती!"

रोस्विटानं कप पुढे ओढला. ईस्टरपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा उपवासकाळातला तिचा नेम होता. मनाला मात्र नेम नव्हता. एवाल्डच्या अंत्यविधीलाही हा माणूस शेवटच्या बाकावरून निघून गेला होता, एक शब्दही न बोलता.

चौथ्या सकाळी तिनं जाऊन त्याच्या हातातली वहीच ओढून घेतली.

"बीझेलसाहेब, हे कुणासाठी चाललंय?"

तो गुडघे झटकत उठला. "वाचा की."

पानापानावर अकरावा पट्टा. एकतीस वर्षांच्या तारखा. कुठे मिलिमीटरभर खोल, कुठे चढ, थंडीत चेंडू किती कलतो, उन्हात किती. एवाल्डला हरवण्यासाठी केलेली टिपणं. शेवटी या चार दिवसांची मापं, फुटक्या तुकड्यांवर ताडून पाहिलेली.

"गवंड्याला द्या," तो म्हणाला. "यावरून ओतता येईल."

भोकाजवळच्या एका उंचवट्याभोवती लाल शाई गिरवून गिरवून कागद फाटला होता. बीझेलचा चेंडू दर वर्षी तिथेच भरकटायचा. एवाल्डचा कधीच नाही.

रोस्विटाचा संशय अजून पुरता विरला नव्हता. "हा उंचवटा तुम्ही गाळला असतात, तर कुणाला कळलंही नसतं."

"गाळला असता," बीझेल म्हणाला, "तर एकतीस वर्षं मी हरलो कुणाकडून?"