होलोहोलो

तुमचा नवरा नेमका कुठे गेलाय, हे बचाव केंद्रातला माणूस फोनवर चौथ्यांदा विचारत होता आणि हाउनानीकडे एकच उत्तर होतं. होलोहोलो.

तोही याच बेटावर वाढलेला, त्यामुळे हसला नाही. मिलोलिई या त्यांच्या कोळ्यांच्या गावात हा शब्द कशालाही चालतो. गाडी काढून उगाच किनाऱ्यानं चक्कर मारून यायचं, तेही होलोहोलो. म्हाताऱ्यानं जेवण झाल्यावर शेजारी जाऊन गप्पा ठोकायच्या, तेही तेच. आणि होडीत गळ, दोर, बर्फ सगळं खच्चून भरलेलं असलं तरी निघणारा माणूस तोंडानं तेवढंच म्हणतो, कारण माशांना कान असतात. त्याला कुठे निघालास म्हणून विचारलं की संपलंच. होडी परत अंगणात येते आणि दिवसभर घरात कुणी कुणाशी बोलत नाही. हाउनानीनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एकदा विचारलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

तिचा नवरा इओकेपा काल पहाटे एकटाच गेला होता. काल संध्याकाळी यायला हवा होता. त्याच्या होडीवरचा रेडिओ कालपासून उत्तर देत नव्हता. आता दुपारचे तीन वाजले होते, वारा वाढला होता आणि हेलिकॉप्टर उजेड असेपर्यंतच शोधणार होतं. समुद्र केवढा आहे, बाई, त्यांना मी कुठेतरी पाठवायला हवं ना, असं तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला. पाच मिनिटं द्या, म्हणून तिनं फोन ठेवला.

सासरा, काविका, ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. जाळं चांगलं होतं. हे त्यालाही दिसत होतं, पण सुई चालूच होती. या घराची समुद्रात एक जागा आहे, काविकाच्या आज्यानं शोधलेली, आणि ती घरातल्या पुरुषांशिवाय कुणाला ठाऊक नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. हाउनानीनं कधी त्यात नाक खुपसलं नव्हतं. आज ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, पापा, ती जागा सांगा.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. तिनं पुन्हा विचारलं, हात जोडले, रडली. सुई थांबली नाही तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

"काय करणार आहात ती जागा ठेवून? स्वतःबरोबर पुरायचीय? तुमचा मुलगा तिकडे मरतोय, पापा."

काविकानं सुई खाली ठेवली. भिंतीला धरत तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरच्या रेडिओचा माइक हातात घेतला. शोधायला निघालेल्या गावच्या बारा होड्या त्यावर ऐकत होत्या, बचाव केंद्रही. होडी अशी लावा की चर्चचं टोक डोंगरावरच्या दुभंगलेल्या टेकडीच्या बरोबर खाली दिसेल, तो सावकाश म्हणाला. मग दक्षिणेला बघा. काळ्या खडकाच्या मागून दोन नारळ दिसायला लागले की थांबा. चार पिढ्यांनी पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. रेडिओवरून कुणीतरी हळूच म्हणालं, उपकार झाले, अंकल.

होड्या वळल्या. हेलिकॉप्टरही तिकडेच गेलं. शेजारची आंटी लोके भात आणि अळकुड्या कुटून केलेल्या पोईचं भांडं टेबलावर ठेवून निघून गेली. कुणी त्याला हात लावला नाही. सव्वा तासानं पहिल्या होडीचा निरोप आला, इथे काही नाही. मग दुसरीचा. मग हेलिकॉप्टरचा.

हाउनानीनं सासऱ्याकडे पाहिलं. त्याला धक्का बसलेला दिसत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"दोन वर्षं झाली, तिथे मासाच लागत नाही." काविका आपल्या हातांकडे बघत होता. "पोरानं स्वतःची जागा शोधली. गेल्या महिन्यात आणलेला तो अही मासा बघितलास ना, माझ्याएवढा? आपल्या जागेत तसला मी जन्मात पाहिला नाही."

"मग ती जागा कुठंय?"

"मी विचारलं नाही."

त्याला केवढा अभिमान वाटला होता. मुलानं आपल्या हिमतीवर जागा शोधली होती, आणि असल्या माणसाला बापानंसुद्धा विचारायचं नसतं. मघाशी ओट्यावर बसून तो काही लपवत नव्हता. लपवायला त्याच्याकडे काही नव्हतंच. "वाटलं, चुकून असेल तिथे," तो म्हणाला. "दुसरं काय देऊ मी, पोरी? तेवढंच होतं माझ्याकडे."

फोन वाजायला लागला. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकत चाललं होतं, फार तर तासाभराचा उजेड उरला होता. पुढे कुठे पाठवू, हेच तो माणूस विचारणार, हे हाउनानीला कळत होतं. तिनं फोन घेतला नाही. तिनं माइक उचलून बटण दाबलं. ती काय करणार हे ओळखून म्हाताऱ्याचा हात सवयीनं तिला अडवायला वर आला आणि तसाच खाली गेला.

"केपा," समुद्रातल्या एकूण एक माशाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "कुठे गेलायस तू?"

आणि ऐकण्यासाठी बटण सोडलं.