एक चौकोन म्हणजे एक फूट

"एक चौकोन म्हणजे एक फूट," अक्का म्हणाली. "हे विसरलीस तर माणसं भिंतीत चिणली जातील."

नऊ वर्षांच्या शाल्मलीनं मान हलवली आणि नव्या घराच्या हॉलच्या लांबीची रेघ सोळाव्या चौकोनावर थांबवली. गणिताच्या वहीची पानं खळीनं जोडून केलेला मोठा कागद जमिनीवर पसरला होता. चिकपेटमागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत एवढी मोकळी जमीन एरवी सापडत नसे. आज ट्रंका एकीवर एक रचल्या होत्या. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक तुकडा कागदावर पडला होता. सकाळी तो नव्या घराच्या दारात होता. आता हॉलमध्ये शिरला होता.

अकरा वर्षं अर्ज केल्यावर, त्र्याण्णव साली, शाल्मलीच्या बाबांना, पद्माकरला, बनशंकरीच्या पलीकडे घर बांधायला वीस बाय तीस फुटांची साइट मिळाली होती. इंजिनिअर म्हणाला होता, "मनात काय आहे ते सोमवारी कागदावर आणून द्या." उद्या सोमवार होता.

शाल्मलीची आई श्यामला दोन बोटांनी कागदावरून चालत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी थांबली. "इथून शेवग्याचं झाड दिसेल."

"झाड कुठंय, आई?" राजसनं विचारलं. शाल्मलीचा हा भाऊ कॉलेजात होता आणि त्याला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली होती.

"लावीन की. तू तुझ्या खोलीत बस."

पद्माकर नुसता हसत होता. त्याची आणि श्यामलाची खोली मागच्या बाजूला होती. शाल्मली त्यांच्याजवळ झोपणार होती. देवांना कोनाडा होता. चपलांनासुद्धा दोन चौकोन होते.

"आणि अक्का?" शाल्मलीनं विचारलं.

बोटं चालायची थांबली. अनुसूयाअक्का ही पद्माकरची मोठी बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना ओसरीवर बसवून पाढे घेत होती. हा कागद तिनंच आखून घेतला होता.

"मी इथंच राहीन," ती म्हणाली. "माझी मुलं इथं येतात. आणि कागदावर बघ, कुठं जागा आहे? कागद खोटं बोलत नाही."

"अक्का, स्वल्प थांब," पद्माकर म्हणाला. "चार-पाच वर्षांनी वर एक खोली काढू."

"सरी, बरं. तेव्हाचं तेव्हा."

पण बोलताना तिचं बोट हॉलच्या कोपऱ्यात, त्या उन्हाच्या तुकड्यात, थोडा वेळ तसंच राहिलं. जणू तिथं ऊब लागत होती. मग तिनं ते काढून घेतलं.

शाल्मलीनं ते पाहिलं. ती उठली आणि साडीच्या खोक्याचं झाकण, कात्री नि फूटपट्टी घेऊन आतल्या खोलीत गेली.

अक्काशी वाद घालण्यात अर्थ नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं गणित पक्कं असे आणि दुसऱ्याचं चुकलेलं ती सोडत नसे. मुख्याध्यापकांच्या मुलाचं सोडलं नाही, लहानपणी पद्माकरचंही सोडलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीची चूकसुद्धा तिनं लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली होती. त्याच पेन्सिलीनं दारामागच्या भिंतीवर शाल्मलीचा गेल्या रविवारचा धडा लिहिलेला होता. दोघींनी शिंप्याच्या टेपनं हे राहतं घर मोजलं होतं. दोन्ही खोल्या मिळून रुंदी नऊ फूट, लांबी अठरा फूट.

ऊन हॉलमधून स्वयंपाकघराकडे सरकलं तेव्हा शाल्मली परतली. तिच्या हातात चौकोन आखलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता.

"हे आपलं आत्ताचं घर," ती म्हणाली. तिनं त्यावर आगपेटीतल्या पाच काड्या शेजारी शेजारी मांडल्या. "दाराशी बाबा. मग दादा, आई, मी. भिंतीकडे अक्का. आपण असे झोपतो."

"माझी काडी लांब हवी," राजस म्हणाला.

"गप रे, दादा."

तिनं दोन्ही हातांनी पुठ्ठा अलगद उचलला, काड्या हलू न देता, आणि नव्या घराच्या हॉलवर ठेवला. तो बरोबर बसला. बाहेर एक रेघही आली नाही. भोवती कागदावर सगळं नवं घर उरलं होतं. स्वयंपाकघर, दोन खोल्या, शेवग्याची खिडकी.

"एवढ्यात आपण पाचजण मावतो," शाल्मली म्हणाली. "आणि हे सगळं घर नुसत्या हॉलमध्ये मावतं. मग उरलेल्यात एकट्या अक्काला जागा कशी नाही? कागद खोटं बोलत नाही. तूच म्हणालीस."

श्यामलानं पदर डोळ्यांपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. पद्माकरनं पुठ्ठा उचलला आणि बहिणीपुढे धरला. लहानपणी तो पाटी धरायचा, तसा.

"अक्का," तो म्हणाला, "गणित तपास. बरोबर असेल तर तू येणार."

अक्कानं चष्मा लावला. लाल पेन्सिल कानामागून काढली. रुंदीचे चौकोन मोजले. नऊ. लांबीचे मोजले. मग पुन्हा मोजले, या वेळी पेन्सिलीचं टोक प्रत्येकावर टेकवत. सोळा. तिची नजर दारामागच्या भिंतीवरच्या धड्याकडे गेली आणि परत आली. शाल्मलीच्या गुडघ्याखालून पुठ्ठ्याची एक पट्टी डोकावत होती. नऊ चौकोन लांब, दोन चौकोन रुंद. शाल्मली कुणाकडेच बघत नव्हती. ती उन्हाच्या तुकड्याकडे बघत होती.

"काय गं?" पद्माकरनं विचारलं. "चुकलंय का?"

अक्कानं पेन्सिल टेकवली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एका चुकलेल्या गणितापुढे बरोबरची खूण केली.