डाव्या कानातला आवाज

“आजोबांचे कान ठणठणीत आहेत,” तपासणारी मुलगी म्हणाली, आणि माईंचा चेहरा पडला.

कान बिघडलेले निघाले असते तर बरं झालं असतं. यंत्र घेतलं असतं, विषय संपला असता. आता एकच अर्थ उरत होता. अण्णांना सगळं ऐकू येत होतं आणि ते मुद्दाम गप्प बसत होते. रोज सकाळी पेपरात तोंड खुपसायचे. माई काही विचारायच्या, उत्तर नाही. मग त्या शेजारणीच्या नव्या पडद्यांवर यायच्या, तिथून धाकट्या नणंदेच्या गुडघ्यांवर, तिथून थेट शाळेतल्या मैत्रिणींवर. समोर आपली भिंत!

हेच अण्णा एके काळी छापखान्यात कामाला होते. यंत्रांच्या त्या धडधडाटात माईंनी दारातून हळूच हाक मारली, तरी मान वर करायचे. बाकीचे कामगार खाकरायचे. माई लाजून चूर व्हायच्या, पण घरी पोचेपर्यंत त्यांचे पाय जमिनीला लागत नसत.

“ठरलं तर मग,” माई म्हणाल्या. “उद्यापासून मी लेकीकडे. कायमची. तुम्ही बसा पेपर घेऊन!”

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला.

“थांबा हो आजी,” मुलगी घाईनं म्हणाली. “अजून एक तपासणी राहिलीय. लक्षाची.”

आजोबांच्या दोन कानांत दोन आवाज येणार होते. उजव्या कानात ती स्वतः वाचणार, डाव्यात माई. आजोबांनी डावीकडे साफ दुर्लक्ष करायचं आणि फक्त उजवीकडचं मोठ्यानं म्हणायचं.

“दुर्लक्ष ना? पहिला नंबर काढतील!” माई फणकारल्या.

काचेपलीकडे अण्णा हेडफोन लावून बसले. मुलगी फुलपाखरांवरचा धडा वाचू लागली. माईंच्या हाती पंख्याचं माहितीपत्रक आलं होतं.

“पाती पुसण्यापूर्वी बटण बंद करावे,” अण्णा म्हणाले.

“आजोबा, उजवा कान!”

“हो हो.” अण्णांनी डोळे गच्च मिटले. “ओल्या हाताने तारेला स्पर्श करू नये.”

मुलीनं आवाजांचे कान बदलून पाहिले, आता डावीकडचं म्हणायला सांगितलं. स्वतःचा आवाज वाढवला, माईंचा अगदी बारीक केला. अण्णांच्या कपाळाला घाम फुटला, पण फुलपाखरू काही तोंडून बाहेर पडेना. शेवटी माई नुसत्या पुटपुटल्या, तरी अण्णांचा आपला पंखाच.

“नापास!” मुलगी खो खो हसत सुटली. “आजी, तुमच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणं यांना जमतच नाही!”

माई तरातरा आत गेल्या. त्यांनी अण्णांच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला.

“मग घरी काय होतं हो तुम्हाला? एका शब्दानं उत्तर द्यायला जीभ झिजते?”

अण्णा चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले.

“अगं,” ते म्हणाले, “उत्तर दिलं की तू बोलायची थांबतेस.”