निळा दोरा

पँटचा फोटो लोकांनी खोटा ठरवला होता.

सूनबाईने फोन पुढे धरून एकेक कमेंट वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं, ही दुसरीच पँट आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, भोक कापडातलं नाही, फोटोतलं बुजवलंय. तिसऱ्याने नुसती हसणारी तोंडं टाकली होती. वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. तिच्या सासऱ्यांचा चेहरा मात्र खुलत गेला. सगळी गल्ली त्यांना सुईकाका म्हणायची.

"बाबा, लोक आपल्याला खोटारडे म्हणताहेत आणि तुम्ही हसताय?"

"अगं, चाळीस वर्षं रफू करतोय. इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं."

तिने कपाळावर हात मारून घेतला. दुकानाचं पेज तिने मोठ्या हौसेने सुरू केलं होतं. फाटलेली पँट आणि रफू केलेली पँट, शेजारी शेजारी. त्यासाठी सासऱ्यांकडून महिन्याची मुदत मागून घेतली होती आणि ती आज संपत होती. आठवडेच्या आठवडे दुकानाची पायरी कुणी चढत नव्हतं. फाटलं की लोक टाकून देतात, रफूला कोण विचारतो, असं म्हणत सुईकाकांनी आज संध्याकाळी जागेच्या मालकाला किल्ली द्यायचं ठरवलं होतं. सुया पत्र्याच्या डबीत गेल्या होत्या, भिंग फडक्यात. टेबलावर निळ्या दोऱ्याचं रीळ तेवढं उरलं होतं आणि त्याचंही लाकूड दिसायला लागलं होतं. नवीन आणायला नको, बरोबर पुरलं, असं ते सकाळीच म्हणाले होते.

सूनबाईने हँगरवरची पँट उजेडात धरली आणि डोळे बारीक करून गुडघ्यावरची जागा शोधली. तिलाही सापडेना. तुमचं काम दिसतच नाही तर मी दाखवू काय, म्हणून ती वैतागली.

"उलटी कर," सुईकाका म्हणाले.

आतल्या बाजूला नखाएवढी जागा होती, उभ्याआडव्या दोऱ्यांनी दाट भरलेली. तिच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढा निळा दोरा लोंबत होता. कापायचा राहिला असेल म्हणून तिने कात्री उचलली, तर सुईकाकांनी तिचा हात धरला.

"राहिला नाही. ठेवलाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, रफूचे दोरे त्यातूनच काढायचे. म्हणून तर काम झाल्यावर करणाऱ्यालाही ते ओळखू येत नाही. उद्या उसवून परत आलं, तर आपलंच आहे हे कळायला हवं आणि दुसऱ्यांदा फुकट करून द्यायला हवं. त्यासाठी आतून एक निळी गाठ.

"मग किती कपडे आले परत?"

"एकही नाही."

हे त्यांनी जरा हळू सांगितलं. टिकलं म्हणून आले नाहीत, की टाकून दिले म्हणून, ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. अलीकडे ही गोष्ट त्यांच्या मनाला खात होती.

सूनबाईने उलटी पँट टेबलावर पसरली. तिने आतल्या बाजूचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, कपाटातला जुना कपडा उलटा करून बघा, असा निळा दोरा दिसला तर ते काम आमच्या दुकानाचं. सुईकाका म्हणाले, लोकांना तेवढाच उद्योग आहे, आणि झाडू घेऊन कोपऱ्याकडे वळले.

बराच वेळ फोन गप्प होता. मग तो टेबलावर थरथरला. मग पुन्हा. थोड्या वेळात असा थरथरायला लागला, की कडेवरून पडू नये म्हणून सूनबाईला तो हातातच धरावा लागला.

एका शर्टाची आतली बाजू होती. लग्नाआधीचा शर्ट, अजून घालतो, असं लिहिलं होतं. एक फ्रॉक होता, तिघी बहिणींनी पाठोपाठ घातलेला. सुईकाकांनी फडक्यातून भिंग काढलं. माणसं त्यांना आठवेनात, भोकं मात्र सगळी आठवली. हा खिळ्याला अडकला होता. याला झुरळांनी कुरतडलं होतं.

मग एक शाल आली. सूनबाईने वाचलं, "आई जाऊन तीन वर्षं झाली. तिची शाल आत्ता उलटी करून बघितली. ही कधी फाटली होती, मला माहीतच नव्हतं."

सुईकाकांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"इस्त्रीने जळली होती," ते म्हणाले. "लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली. लेकीला कळता कामा नये, असं तीनदा बजावून गेली होती बाई."

त्यांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. इतक्या घरांनी आपलं काम जपून ठेवलं आणि आपण मात्र त्यांच्याबद्दल नाही नाही ते मनात आणत बसलो. सगळ्यांना लिही, फार उपकार झाले म्हणून, असं त्यांनी सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तेच तर ते तुम्हाला लिहिताहेत.

फोन पुन्हा थरथरला. तिने वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"विचारताहेत, दुकान अजून चालू आहे ना. स्वेटर आणायचाय म्हणे."

तिची बोटं फोनवर थांबून होती. सुईकाकांनी सुयांची डबी बघितली, खुंटीवरची किल्ली बघितली. मग टेबलावरचं निळं रीळ उचलून तिच्या हातात ठेवलं.

"बाजारात जाशील तेव्हा हा रंग दाखव," ते म्हणाले. "मोठं रीळ आण."