मिशीची पैज

"मक्याशिवाय या माळावर काही पिकलं, तर मी मिशी उतरवीन," सासऱ्यांनी भरसभेत सांगितलं, आणि मागे बायकांत बसलेल्या सुनेला कुठे तोंड लपवू असं झालं.

नदीचं पाणी पंपाने माळावर चढून वर्ष झालं होतं. लोक त्या पाण्यावरही तोच मका घेत होते, जो आधी नुसत्या पावसावर यायचा. आता वरून निरोप आला होता. या हंगामात माळावर दुसरी पिकं दिसली नाहीत, तर पंप उचलून खालच्या गावाला देणार.

शेतकी सल्लागार बाईंनी जिवाचं रान केलं. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी जांभया देत माना डोलावल्या, भुईमुगाचं बियाणं घरी नेलं आणि भाजून खाल्लं. बाई अगदी रडकुंडीला आल्या.

त्याच संध्याकाळी त्या सासऱ्यांकडे येऊन बराच वेळ बसल्या. सून गोठ्यात होती. नन्नाला समजवायला गेल्या असतील, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं गाव म्हणालं.

नन्ना हे नाव गावाने उगाच ठेवलं नव्हतं. रस्ता व्हायचा होता तेव्हा सासरे आडवे आले. शाळेच्या वेळीही आले. गावाने दोन्ही कामं त्यांच्या नाकावर टिच्चून केली. एरवी बांधावरून भांडणारी माणसं नन्नाला खोटं पाडायचं म्हटलं की एकदिलाने टोपली उचलत.

आणि आता ही दुसरी बैठक. सासऱ्यांच्या शंका संपेनात. मिरचीवर रोग पडतो, त्याचं काय? भुईमुगाने जमीन सुधारते म्हणता, कोणी पाहिलंय? बाई न चिडता एकेकीचं उत्तर देत गेल्या. आज कोणी जांभई देत नव्हतं. त्यात मिशीची पैज आली, आणि न्हावी उभा राहिला.

"वस्तरा माझा," तो म्हणाला, "आणि पहिली मिरचीही माझीच."

मग नुसती चढाओढ लागली. कोणी वांगी लावली, कोणी टोमॅटो, कोणी भुईमूग, आणि या वेळी बियाणं खरोखर जमिनीत गेलं. सुनेलाही राहवेना. आपणही थोडी मिरची लावू, असं तिने घरी सुचवून पाहिलं.

"एक रोप दिसलं तर उपटून फेकीन," सासरे म्हणाले. "आणि तुला जमायचंही नाही ते."

हे शेवटचं तिला झोंबलं. तिने मक्याच्या आड, पार पलीकडच्या बांधाला, हट्टाने मिरची लावली. सासरे तिकडे फिरकताना तिला कधी दिसले नाहीत. सकाळचं घरकाम आटोपून ती पाणी द्यायला धावत जायची, तर सरी आधीच ओली असायची. शेजारणीचंच काम असणार, असं समजून ती मनातल्या मनात तिला दुवा द्यायची.

हंगाम भरला तसा माळ ओळखू येईना. लोक कामधंदा सोडून एकमेकांची वांगी बघत हिंडायला लागले. पाहणीला आलेले साहेब बांधाबांधाने फिरले आणि जाताना पंप कायमचा इथेच राहील असं सांगून गेले. पोरं शिट्ट्या मारत माळभर पळाली. सुनेने तर शेजारणीला मिठीच मारली आणि पाण्याबद्दल तिचे उपकार मानले. कसलं पाणी, असं शेजारीण विचारत होती, पण त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार.

कारण न्हावी वस्तरा घेऊन निघाला होता आणि सगळं गाव त्याच्यामागे. सासरे अंगणात खुर्ची टाकून गुमान बसले. मिशी उतरली, लोकांनी पोट धरून हसून घेतलं. माळ पिकला म्हणून सून हरखली होती, तरी त्या उघड्या पडलेल्या ओठाकडे बघून तिला भरून आलं.

गर्दी पांगल्यावर बाई आल्या. सासऱ्यांच्या वतीने माफी मागावी म्हणून सून चहा घेऊन दारापर्यंत गेली. आत बाई हलक्या आवाजात बोलत होत्या.

"काका, पुढच्या हंगामात ठिबकच्या नळ्या आणायच्या म्हणते. निम्म्या पाण्यात भागेल. पण माझं इथे कोण ऐकणार?"

सवयीने मिशीला पीळ द्यायला गेलेला हात सासऱ्यांनी तसाच खाली घेतला.

"शिव्या उद्यापासूनच घालायला लागतो," ते म्हणाले. "पैजेला मात्र मिशी वाढेपर्यंत थांबावं लागेल."